बाकी सगळं समान

तिनं पर्समधून फोन काढून काउंटरवर ठेवला, काचेवरचा तडा समोरच्या बाईला नीट दिसेल असा फिरवला आणि ठरलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या गुडघ्यापाशी उभी असलेली तिची लेक खारू म्हणाली, "मी पाडला." कुणी काही विचारलं नव्हतं. काउंटरवरच्या बाईनं अजून 'बोला' सुद्धा म्हटलं नव्हतं. बरं, खारूनं ते रडून म्हटलं नाही की घाबरून म्हटलं नाही. कुणी नाव विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं. हात पाठीमागे होते. डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलेलं होतं, सुटून जाईल की काय असं घट्ट. आईच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. 'लहान मूल आहे हो घरात, हिच्या हातून पडला.' आधीच्या तीन सर्व्हिस सेंटरांत तिनं हे वाक्य एक शब्दही इकडचा तिकडे न करता म्हटलं होतं. आज चौथ्या ठिकाणी ते तिच्याआधी दुसऱ्याच कुणीतरी म्हणून टाकलं, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता तुलना बिघडली.

पहिला विचार. तो आला आणि गेला, पण आला होता हे तिनं पाहिलं. स्वतःवर नजर ठेवायची तिला सवय होती. मूल झाल्यापासून ती सगळ्यांवरच नजर ठेवून असे, त्यात स्वतः फुकट सापडे. "हो का गं? तू पाडलास?" काउंटरवरची बाई वाकून म्हणाली. गोल चेहऱ्याची, डोळ्यांत खरोखरच हसू असलेली बाई होती. "बसा ना ताई तुम्ही. आत दाखवून आणते." खुर्च्या मऊ होत्या. तिनं मनात नोंद केली: बसायला सांगितलं, न विचारता. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि त्यात कंपनीचा फोन संथपणे, अगदी पिसासारखा, काळ्या दगडावर पडत होता. पडे, उसळे, पुन्हा आडवा होई, पण फुटत नसे. मग पुन्हा वरून पडे. खारू खुर्चीत बसली नाही. टीव्हीसमोर उभी राहून तिनं ते कितीतरी वेळा पाहिलं आणि मागे न वळता म्हणाली, "त्याचा नाही फुटला." "हो ना," ती म्हणाली. "त्याचे हात चांगले आहेत," खारू म्हणाली. टीव्हीत हात कुठेच दिसत नव्हते.

कुणालाही सांगावं, तर काम मजेशीर वाटे. कुठला फोन घ्यावा हे लोकांना सांगणारी एक वेबसाइट होती. फोन घेताना सगळे गोड बोलतात, बिघडल्यावर कोण विचारतं, असा लेख त्यांना करायचा होता. चार कंपन्यांचे चार नवे फोन त्यांनीच घरी पाठवले. चारही वॉरंटीतले. एकच कोपरा फोडायचा, साध्या गिऱ्हाइकासारखं जायचं आणि बघायचं: कोण दुरुस्त करून देतं, कोण वॉरंटी बसत नाही म्हणतं, कोण उभं ठेवतं, कोण तोंड वर करून बघतं. काम देणाऱ्या मॅडमना तिनं पाहिलं नव्हतं, फक्त आवाज ओळखीचा होता. "तुम्हाला लहान मुलगी आहे ना? मग तिला घेऊनच जा," आवाज म्हणाला होता. "बाई आणि पोर समोर उभं राहिलं की माणसं खरी कशी आहेत ते कळतं. आणि गोष्ट चारही ठिकाणी एकच हं. एकीकडे मुलीनं पाडला आणि दुसरीकडे खिशातून पडला, असलं नको." हे तिला सांगावं लागलं नसतं. कॉलेजात संख्याशास्त्राच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, दोघांची उंची ताडून बघायची तर खालची जमीन हलता कामा नये; बाकी सगळं समान ठेवा, मगच फरक दिसेल. सर खडू हवेत धरून बोलत आणि बोलणं संपेपर्यंत खाली आणत नसत. खारू झाल्यापासून त्या वाक्याला कुणी गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. आता मिळालं म्हणून ती हरखली होती. नवरा म्हणाला होता, "लोकांच्या बायका चुकून फोडतात. आमची शिकलेली, पद्धतशीर फोडते." त्याला हसू आलं, तिलाही आलं. जमीन म्हणजे खारू आहे, हे तेव्हा हसण्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या लक्षात आलं असतं, पण ती हरखली होती.

पहिला फोन मात्र तिच्यानं फोडवेना. न्हाणीघरातल्या फरशीवर हात उंच धरून ती उभी राहिली, बोटं सैल सोडली, तरी हात उघडेना. नवी वस्तू मुद्दाम सोडायचं हाताला कुणी शिकवलेलं नसतं. जन्मभर त्याला उलटंच शिकवतात. दारात खारू उभी होती, बिस्किट दोन्ही हातांत धरून पुढच्या दातांनी कडेकडेनं कुरतडत. काहीही दिलं की दोन्ही हातांत धरायची, म्हणून तर ती खारू. दूध असो, चेंडू असो, बापाचं नाक असो, दोन पंजे आणि मध्ये वस्तू. "ये गं इकडे," ती म्हणाली. तिनं खारूला स्टुलावर चढवलं, बिस्किट काढून घेतलं आणि फोन त्या दोन हातांत दिला. "सोड." खारूनं तिच्याकडे पाहिलं. फोनला हात लावायचा नाही, हे त्या घरात भिंतींनासुद्धा पाठ होतं. "सोडू?" "सोड गं राणी, काही होत नाही." फोन खाली गेला, टक् असा लहानसा आवाज झाला आणि कोपऱ्यातून तडा आत गेला, जसा हवा होता तसा. तिनं टाळ्या वाजवल्या. "शाब्बास!" खारू स्टुलावर नाचायला लागली, "पुन्हा, पुन्हा!" बाकीचे तीन तिनं खारू झोपल्यावर फोडले. म्हणजे तिला काहीच कळत नव्हतं असं नाही. थोडंसं कळत होतं.

त्या पहिल्या सर्व्हिस सेंटरमध्ये टाय लावलेला एक मुलायम मुलगा होता. ठरलेलं वाक्य ऐकून तो कमरेत वाकला. "अगंबाई! एवढ्याशा हातांनी एवढं मोठं नुकसान?" खारू फुशारून म्हणाली, "आईनं शाब्बास म्हटलं." मुलगा हसत तिच्याकडे बघायला लागला. तीही हसली. "काहीही बोलते हो. हल्ली गोष्टी रचायला शिकलीये," ती म्हणाली, आणि तिच्या हातानं खारूचा खांदा दाबला, जरा जास्तच. खारूनं मान वर करून पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. जिन्याची अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं ते बघणं होतं. मुलायम मुलगा तोपर्यंत सांगायला लागला होता, "कसं आहे मॅडम, आतून आपोआप बिघडला तर कंपनीची चूक. बाहेरून लागलं तर तुमची. हातून झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही." वाक्य किती नेमकं होतं! रिक्षात बसल्या बसल्या तिनं ते जसंच्या तसं टिपून घेतलं. शेजारी खारू खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या ठिकाणी खुर्च्याच नव्हत्या. काचेमागचा माणूस वर न बघता बोलत होता आणि रांगेत मागे उभे असलेले एक आजोबा, त्यांचं काही काम नसताना, म्हणाले, "पोरांच्या हातात देता कशाला म्हणतो मी? आमच्या वेळी वस्तूला हात लावला की हातावर मिळायची." "हो ना काका," ती म्हणाली, कारण साधं गिऱ्हाईक असंच म्हणेल. तिसऱ्या ठिकाणी टेक्निशियन काउंटरवरच बसे, एका डोळ्याला भिंग लावून. त्यानं फोन उघडून आतली पांढरी टिकली दाखवली. "पाणी लागलं की ही लाल होते. मग कितीही वाळवा, परत पांढरी व्हायची नाही. तुमची पांढरी आहे. पण काच फुटली ती फुटलीच, ती कंपनी देणार नाही." मग भिंगाचा डोळा खारूकडे वळवून म्हणाला, "काय गं, तोडफोड कंपनी! तूच ना ती? हे हात काढून घेऊ का तुझे?" त्यानं बारका स्क्रूड्रायव्हर उचलून दाखवला. "मनगटापाशी दोनच स्क्रू असतात. काढतो आणि ठेवतो ड्रॉवरमध्ये. शहाणी झालीस की बसवून देईन." बाकावरची चार माणसं हसली. त्यात एक बाई तर डोळे पुसेपर्यंत हसली. तीसुद्धा हसली. हसली नसती तर तिथलं वातावरण बदललं असतं; मग तो पुढे तिच्याशी जसा वागला तसा का वागला, त्याच्या स्वभावामुळे की तिच्या कपाळावरच्या आठीमुळे, ते कसं ठरवणार? तिनं हसण्याचं कारण घरी येताना वाटेत शोधून काढलं आणि ते बिनचूक होतं.

त्या संध्याकाळी खारूनं दुधाचा पेला धरला नाही. "तू धर." दुसऱ्या दिवशी चमचा धरला नाही. ती भरवायला लागली, खारू तोंड उघडून बसायला लागली, हात मांडीखाली. नवरा म्हणाला, "लाडावून ठेवलीयेस. एवढी घोडी झाली, अजून घास भरवतेस?" सासूबाई फोनवरून म्हणाल्या, "अगं, दोन दिवस भरवू नकोस, भूक लागली की हात आपोआप येतात बाहेर." तिनं एक दिवस ते करून बघितलं. खारूनं ताटलीत तोंड घातलं. रस्त्यानं चालताना तिनं बोट पुढे केलं तर ते न धरता खारूनं तिच्या ओढणीचं टोक दातांत धरलं आणि तशीच चालायला लागली, एखाद्या कुत्र्याच्या पिलासारखी. समोरून येणारी माणसं 'अय्या, किती गोड' म्हणून गेली. मग बालवाडीच्या बाईंनी थांबवून घेतलं. पाटी, बाहुल्या, दारावर लावलेली मुलांच्या हातांच्या रंगीत ठशांची रांग; खारूचा ठसा नव्हता. "खडू दिला तर घेत नाही. मातीचा गोळा दिला तर म्हणते, नको, मोडेल माझ्याकडून," बाई म्हणाल्या. "मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. पुढच्या वर्गात बसवायचं तर निदान खडू धरता यायला हवा. असंच राहिलं तर आम्हाला नाही घेता येणार. डॉक्टरांना दाखवा. आधीपासून आहे का हे, की मध्ये काही झालं?" आतून बिघडलं की बाहेरून लागलं. तिनं बाईंच्या टेबलावरच्या कात्रीकडे बघत सांगितलं, "नाही हो. काही नाही झालं. आपोआपच."

खारू जन्मली तेव्हा नर्सनं ते ओलं गाठोडं तिच्या छातीवर ठेवून म्हटलं होतं, "बोटं मोजून घ्या हो. नंतर तक्रार चालायची नाही." खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या होत्या. तिनं मात्र खरंच मोजली होती, दोनदा, आणि मग रात्रभर मधूनमधून दुपट्यात हात घालून चाचपली होती, कुठलं कमी तर झालं नाही ना. अशी ती होती. खारूला खोकला आला तर श्वास मोजणारी, पायरीवर असली तर खाली हात धरून बसणारी. असं असताना हे तिच्याच हातून कसं झालं, याचं उत्तर तिला हवं तितक्या वेळा मिळे आणि दर वेळी निराळं मिळे. बाईंच्या त्या बोलण्यानंतर ती मॅडमना फोन करून सांगणार होती, चौथ्या ठिकाणी मुलगी नेत नाही. नंबर लावला, आवाज आला, "बोला, कसं चाललंय? तुमचे मुद्दे काय सुरेख असतात हो, इतकं नेमकं कुणी लिहीत नाही," आणि ती म्हणाली, "एकच राहिलंय. झालं की पाठवते." एकदाच तर जायचं. मग खारूला सगळी गंमत समजावून सांगायची. मुलं विसरतात.

"ताई, या." काउंटरवरच्या बाईनं हाक मारली. "काच बदलून देतोय आम्ही, तासाभरात मिळेल. तसं हातून पडलेलं धरत नाहीत, पण लहान मुलाच्या बाबतीत एकदा सूट असते आमच्याकडे. एकदाच हं!" शेवटचं खारूला उद्देशून होतं. इतकी चांगली वागणूक कुठेच मिळाली नव्हती. तिला वाटलं, आता इथं, या बाईसमोर सांगून टाकावं, अहो हिनं नाही पाडला. पण मग ही सूट मुलाला नव्हतीच असं होईल, आणि हा सगळा चांगुलपणा ज्या रकान्यात भरायचा तो रकानाच कोरा राहील. बाईनं बरणीतून गोळी काढून पुढे धरली होती. खारूचे हात आले नाहीत. खारूनं तोंड उघडलं. "अगं लबाडे!" बाई खळखळून हसली आणि गोळीचा कागद सोडवून तिनं ती खारूच्या जिभेवर ठेवली. "आता आईला सॉरी म्हण बरं. किती त्रास दिलास आईला." गोळी एका गालात सरकवून खारू म्हणाली, "सॉरी आई." सगळे आईकडे बघत होते. "असू दे हं," ती म्हणाली. इथं थांबायला हवं होतं. "पुन्हा नाही ना पाडणार?" हे पुढचं कुठल्या गोष्टीत ठरलेलं नव्हतं, कुणी शिकवलेलं नव्हतं, ते आतून आपोआप आलं. खारूनं नाही अशी मान हलवली. वागणुकीच्या रकान्यात तिनं या कंपनीला पैकीच्या पैकी गुण दिले.

घरी आल्यावर तिनं दार लोटून घेतलं. नवरा आतल्या खोलीत होता, दाराआडून ऑफिसच्या मीटिंगमधला त्याचा अदबशीर आवाज येत होता. तिनं खारूला हॉलच्या फरशीवर समोर बसवलं. "खारू, एक गंमत सांगू? आजचा फोन तू नाही पाडलास. मी पाडला होता." खारूनं तिच्याकडे बघितलं. "नाही. मी." "अगं, तू झोपली होतीस तेव्हा." खारूनं विचार केला. "झोपेत पाडला," ती पोर म्हणाली. "नाही गं राजा. मी, आईनं. मुद्दाम. ते काम होतं आईचं." "मग त्या मावशीला का नाही सांगितलंस?" एवढ्या कामात, चार कंपन्यांच्या एवढ्या माणसांत, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती उठली. तिनं मोरीवरचा प्लॅस्टिकचा पेला आणला आणि हात उंच करून सोडला. पेला टपटप करत कोचाखाली गेला. "बघ, आईकडून पण पडतं." खारूनं पेल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तो फुटत नाही," ती म्हणाली.

मग तिनं पर्स उघडली. फोनच्या नव्या काचेवर अजून पातळ कागद होता. तो तिनं सोलून काढला, का ते तिला माहीत नाही. "इकडे बघ. हा कुणाचा हात?" "आईचा." "ही बोटं कुणाची?" "आईची." "नीट बघ हं." या वेळी हात चटकन उघडला. हात शिकला होता. फोन कोपऱ्यावर पडला, उताणा झाला आणि काच मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारखी झाली. खारूचे डोळे मोठे झाले. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. तिनं फोनकडे पाहिलं, मग वर तिच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे. आणि सावकाश, कितीतरी दिवसांनी, तिचे हात पाठीमागून पुढे आले. दोन्ही. उजव्याच्या मनगटाशी, ओढून बांधल्यासारखे, बोटांचे लाल वळ होते. खारूनं हात उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. "आई पाडते," ती हळू म्हणाली. "हो." "खारू नाही पाडत." "नाही गं, खारू नाही पाडत." खारूनं एक बोट लांब केलं आणि फुटक्या काचेच्या कडेला, जिथं काच शाबूत होती तिथं, टेकवलं. हसली. आईनं स्वतःला बजावलं, आता हलायचं नाही, बोलायचं नाही, हे एवढं संपेपर्यंत जमीन हलता कामा नये.

आतलं दार उघडलं. "काय फुटलं आता?" नवरा कानावरचा हेडफोन हातात घेऊन उभा होता, कपाळावर मीटिंग अजून तशीच. त्यानं खाली पाहिलं. "हा आत्ताच ना दुरुस्त करून आणलास? परत द्यायचा होता ना तो? कुणी पाडला?" काय सांगायचं? की मी पाडला, हिच्या समोर उभी राहून, कागद सोलून, मुद्दाम? का? इथून सुरुवात केली तर स्टुलापर्यंत जावं लागलं असतं, टाळ्यांपर्यंत, ताटलीत घातलेल्या तोंडापर्यंत, आणि तो दारात उभा होता, उत्तर आत्ता हवं होतं. वाक्य तयार होतं. तीन ठिकाणी चाललेलं, घासून गुळगुळीत झालेलं. तिनं तोंड उघडलं आणि ते बाहेर पडलं.

"हिच्या हातून पडला."

खारूचं बोट अजून काचेवर होतं. तिनं मान वर केली नाही. बोट उचललं, मग हात उचलले, आणि ते मागे गेले, आधी उजवा, मग त्याला धरायला डावा.

"खारू, इकडे ये बघू. काच तर नाही लागली?" नवरा ऐनवेळी बापासारखा गुडघ्यांवर बसला, आवाजही मऊ केला. "बघू, हात दाखव."

"हात नाहीयेत," खारू म्हणाली. "काढून ठेवलेत ड्रॉवरमध्ये."

नवरा आधी दचकला, मग मोठ्यानं हसला. "ऐकलंस? काय पण नमुना आहे! कुठून सुचतं हिला हे सगळं?" तो हसत हसत तिच्याकडे बघायला लागला. काउंटरपाशी लोक बघायला लागले की हसावं लागतं, तशी तीही हसली.